शिवणाच्या खोलीतली जुडी

४ मार्च

ती. मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतोस, म्हणून यावेळी कागदावर लिहिते.

काम आहे. तुझ्या रोपवाटिकेच्या मागच्या कुंपणाला ते बुटकं झुडूप आहे ना, पानांवर लव असलेलं, ज्याला तू लोकरी म्हणतोस? त्याची वाळलेली पानं आमच्या प्रयोगशाळेला हवी आहेत. ज्यांच्याकडून घेत होतो त्यांनी मागच्या खेपेला अर्धी पानं भलत्याच झाडाची घातली. आमच्या विभागप्रमुख बाई इतक्या भडकल्या की मी पटकन बोलून गेले, "माझा मामा आहे, त्याने रोपाला बांधलेली चिठ्ठी चाळीस वर्षांत चुकलेली नाही." आता माझी अब्रू तुझ्या हातात.

कशासाठी हवीत ते सांगते. माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशी आम्ही छोट्या ताटल्यांत वाढवतो. शेजारच्या खोलीत एक पंप सिगारेट ओढतो. थट्टा नाही, खरंच ओढतो, झुरका घेतो, थांबतो, पुन्हा घेतो. तो धूर एका द्रवातून जातो, द्रव चहासारखा होतो, आणि तो पेशींना पाजला की त्या चिडतात. आतून सूज येते म्हणतो ना, ती ह्याच चिडण्यापासून सुरू होते. किती चिडल्या ते आम्हाला मोजता येतं. काही झाडांचा अर्क आधी दिला तर त्या कमी चिडतात असं दिसतंय, आणि लोकरीचा अर्क त्यात सगळ्यात पुढे आहे.

पानं सावलीत वाळव, ऊन लागू देऊ नकोस. दर पंधरवड्याला एक पुडकं पुरे. मामीचा खोकला कसा आहे? आणि तुझ्या सिगारेट सोडण्याला या महिन्यात चार वर्षं झाली, मी दिवस मोजले आहेत.

तुझी,
मुंगी

११ मार्च

चि. मुंगी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला नकोत.

पानं पाठवली आहेत. मागच्या पत्र्याच्या छपराखाली दोरीवर जुड्या बांधून वाळवली. प्रत्येक जुडीला चिठ्ठी आहे: कुठली ओळ, कधी तोडली, कुठे टांगली, कधी उतरवली. तुमच्या बाईंना दाखव. तू आठवीत असताना लाल आणि पांढऱ्या गुलाबाच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या होत्यास, आठवतं? गंमत म्हणून. मी तुला हाताला धरून त्या गिऱ्हाइकाच्या घरी नेलं आणि दारात उभं करून माफी मागायला लावली. तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. रोप मेलं तर माणूस दुसरं घेतो, पण चिठ्ठी खोटी निघाली तर तो परत फाटकात पाय ठेवत नाही.

तुमच्याकडे यंत्र दिवसभर सिगारेट ओढतं आणि त्याला कुणी काही म्हणत नाही, हे वाचून मला त्याचा हेवा वाटला. मी ओढायचो तेव्हा अख्खं घर माझ्या डोक्यावर मिरे वाटायचं. हो, झाली चार वर्षं. तू मोजतेस म्हणजे मला मोजायला नको.

मामीचा खोकला आहे तसाच. डॉक्टर म्हणाले, शिवताना कापडाचे बारीक तंतू नाकात जातात, त्याचा आहे. तोंडाला फडकं बांधून शिवते आता. फडकं बांधून बोलते, त्यामुळे मला तिचंही निम्मंच ऐकू येतं.

एक विचारू? म्हणजे ही पानं पोटात गेली तर धूर बाधत नाही, असं का?

मामा

२ एप्रिल

ती. मामा,

बाईंनी तुझ्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या आहेत. सगळ्यांना दाखवतात, "काम असं असावं." मी दोन दिवस शेखी मिरवून घेतली.

पानंही तशीच निघाली. धूर पाजलेल्या पेशी जेवढ्या चिडायच्या त्याच्या जवळजवळ निम्म्याच चिडल्या. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. पंप चालवणारे आमचे काका आहेत, त्यांना आम्ही धूरकाका म्हणतो. जन्मात एक सिगारेट ओढली नाही, पण दिवसाला चाळीस पेटवतात, आणि घरी जाण्याआधी कपडे बदलतात, नातवंडं जवळ येत नाहीत म्हणून. ते म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, माझ्यासाठीही एक पोतं पाठव."

म्हणूनच तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाच. पोटात गेली तर काय होतं हे आम्हाला माहीत नाही. ताटलीतल्या पेशींना पोट नसतं, रक्त नसतं, आणि त्यांना अर्क थेट अंगावर मिळतो. माणसाचं तसं नाही. मनाने काही भरू नकोस.

मामीला सांग, मला एक अॅप्रन शिवून हवा आहे. इथले सगळे अॅप्रन उंच पुरुषांच्या मापाचे आहेत आणि खिसे इतके उथळ की वाकलं की पेन खाली. घाई नाही.

मुंगी

१७ एप्रिल

चि. मुंगी,

दोन पुडकी एकदम पाठवतोय. वारा फार सुटलाय, छपराखालच्या जुड्या उडून शेजाऱ्यांच्या अंगणात जायला लागल्या, म्हणून वाळवण कोठीत हलवलं. तिथे बियांच्या बरण्या आणि मी, एवढेच असतो. दुपारचा मी तिथेच बी निवडत बसतो, म्हणजे पानांवर लक्षही राहतं. चिठ्ठीवर तसं लिहिलं आहे.

तू नको म्हणालीस तरी एक गोष्ट केली, ती सांगून टाकतो. मामीला रोज सकाळी ह्या पानांचा काढा देतो. ह्याच वाळलेल्या, कोठीतल्या. विषारी नाही, मी स्वतः आधी आठवडाभर पिऊन पाहिला, कडू आहे पण कडू म्हणजे औषध वाटतं. ताटलीतल्या पेशी निम्म्या चिडतात, तर मामी पाव तरी कमी खोकेल. एवढं मनाने भरायला हरकत नसावी.

अॅप्रनचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "कळव तिला, या महिन्यापुरतीच हातातली कामं संपवतेय." डॉक्टरांनी साफ सांगितलंय, शिवणकाम बंद करून बघा. तीस वर्षं चाललेलं मशीन आहे, तिचं तोंड उतरलंय. पण तब्येतीपुढे काय बोलणार?

मामा

९ मे

ती. मामा,

आज जरा अडचणीत लिहिते आहे.

दर वेळी आम्ही काही ताटल्यांना धूर देतच नाही, नुसता अर्क देतो. त्या पेशी शांत राहायला हव्यात, नाहीतर अर्कच त्रास देतोय असा अर्थ होतो. मार्चच्या पानांना त्या शांत होत्या. एप्रिलच्या पानांना चिडल्या. फार नाही, पण दर वेळी. बाईंनी भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत, पण आता त्यांच्याकडे बोट दाखवून काही बोलत नाहीत.

आधी मला वाटलं आमच्याकडचाच धूर कुठून तरी शिरतोय. मी धूरकाकांवर सगळ्यांसमोर ओरडले, की तुम्ही पंपाच्या खोलीचं दार उघडं टाकता. ते पंपाकडे परत गेले. नंतर पाहिलं तर दाराला त्यांनी स्वतःच्या हाताने रबराची पट्टी लावलेली होती. अजून माफी मागितलेली नाही, मागायची आहे.

तेव्हा आता तुला विचारते, राग मानू नकोस. तू काही फवारलंस का? कोठीत बुरशी, उंदरांचं औषध, काहीही? आणि तोवर मामीचा काढा बंद कर. ताबडतोब. मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हाच ऐकायचंस.

मामी काय करते आहे सध्या?

मुंगी

१४ मे

चि. मुंगी,

फवारलं असतं तर चिठ्ठीवर लिहिलं असतं. नाही लिहिलं, म्हणजे नाही फवारलं. चाळीस वर्षांनी हे मला माझ्या भाचीला सांगावं लागतंय.

बुरशी नाही. उंदीर आहेत, पण त्यांच्यासाठी मांजर आहे. काढा बंद केला.

मामीने मशीनवर खोळ घातली. शाळेच्या गणवेशांची शेवटची कामं परवा दिली. आता दिवसभर त्याच खोलीत बसून बटणं वेगळी करते, रंगाप्रमाणे. मी म्हटलं बाहेर बस, तर म्हणते इथे बसायची सवय आहे. खोकला अजून आहेच. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल.

मामा

२८ मे

ती. मामा,

तू चिडलास, बरोबर आहे. माझं चुकलं असं समज आणि एक मदत कर.

वाळवण्याच्या जागेने फरक पडतो का ते बघायचं आहे. वारा, उजेड, ओल, असं काहीतरी असेल. एकाच ओळीतली पानं तोड, चार सारख्या जुड्या बांध, आणि चार ठिकाणी टांग: मागचं छप्पर, स्वयंपाकघर, कोठी आणि मामीची शिवणाची खोली. दहा दिवस. नेहमीसारखी चिठ्ठी लाव. तुझा नेहमीचा दिनक्रम बदलू नकोस, काही आवरू नकोस, झाडू नकोस.

धूरकाकांची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, धुराचं नाव निघालं की सगळे माझ्याकडेच बघतात, सवय आहे." मला जास्तच वाईट वाटलं.

मुंगी

१२ जून

चि. मुंगी,

चार जुड्या, चार चिठ्ठ्या. शिवणाच्या खोलीतली दोऱ्याच्या मांडणीच्या वरच्या खिळ्याला टांगली होती, जमिनीपासून सहा फूट. मामीने विचारलं हे काय, तर म्हटलं तुझी भाची सांगते आणि मी करतो.

पूर्वी काही मागायचीस तर कारण सांगत सुटायचीस, थांबवावं लागायचं. यावेळी दीड ओळीत कारण संपवलंस. वारा, उजेड, ओल. ठीक आहे. तू शिकलेली आहेस.

मशीनला गिऱ्हाईक मिळालं आहे. शाळेतल्या एक बाई आहेत, मुलीला शिकवायचं म्हणतात. ३० तारखेला न्यायला येणार. मामी रोज खोळ काढते, तेल घालते, पुसते आणि पुन्हा खोळ घालते. म्हणते दुसऱ्याच्या घरी घाणेरडं कसं द्यायचं.

मामा

२० जून

मामा,

हे पत्र एकट्याने वाच. मग काय करायचं ते तूच ठरव.

एप्रिलच्या पानांवर शेजारच्या विभागातल्या यंत्राला निकोटिन सापडलं होतं. म्हणून चार जुड्या मागितल्या. वारा, उजेड, ओल हे मी खोटं लिहिलं. तुला पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि तुला ते दीड ओळीत कळलं, हेही दिसतंय. लोकरीची पानं लवदार असतात, हवेतलं जे असेल ते धरून ठेवतात.

छपराखालच्या जुडीवर काही नाही. स्वयंपाकघरातल्या जुडीवर नाममात्र. कोठीतल्या जुडीवर भरपूर. इथवर मला अपेक्षितच होतं. मी रडायची ती मे महिन्यातच रडून घेतली होती, चार वर्षं मी दिवस मोजत होते म्हणून.

शिवणाच्या खोलीतल्या जुडीवर कोठीच्या दीडपट आहे.

मला वाटलं यंत्र चुकलं. पुन्हा केलं. मग वाटलं चिठ्ठ्या बदलल्या. पण तुझ्या चिठ्ठ्या बदलत नाहीत. मग तुझी ती ओळ वाचली, मांडणीचा वरचा खिळा, सहा फूट, आणि मला आठवलं. कोठीच्या त्या भिंतीत वर झरोका आहे. तू म्हणायचास, दाराखालून वारा शिरतो आणि झरोक्यातून बाहेर जातो, म्हणून बी कोरडं राहतं. मी दहावीत असताना तू त्याच भिंतीला लागून मामीसाठी खोली बांधलीस. झरोका बुजवलाच नाहीस, त्याच्यापुढे दोऱ्याची मांडणी ठोकलीस. आता झरोक्यातून वारा बाहेर जात नाही, मामा. तो मामीच्या खोलीत जातो. तू दार लावून बसलास तरी कोठीतला धूर कोठीत राहत नाही. तो सगळा तिच्याकडे जातो, आणि ती तिथे दिवसभर असते.

यंत्र मला एवढंच सांगतं की तिथे धूर आहे. खोकला त्यामुळेच आहे असं ते सांगत नाही. पण डॉक्टरांना कापडाचे तंतू सांगितले गेले आणि हे कुणी सांगितलं नाही. सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो रोज तिला काढा करून देत होता. तोही धुरात वाळलेल्या पानांचा.

लोकरीचा अर्क ताटलीतल्या पेशींना थोडा आधार देतो, ते खरं आहे, मी त्यावर दोन वर्षं घालवली आहेत आणि आणखी घालवीन. पण आमच्या पेशींना पंपापासून उठून जाता येत नाही म्हणून त्यांना अर्क लागतो.

३० तारखेला मशीन जाणार आहे. मला तुझा खूप राग आलाय, आणि हे लिहिताना सारखी भीती वाटतेय की तू पुन्हा मला पत्रच लिहिणार नाहीस.

मुंगी

२ जुलै

चि. मुंगीस,

मी कधी पत्र लिहीत नाही, अक्षर चालवून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तुझा मामा जेवला नाही. मी विचारलं तर ताकास तूर लागू दिली नाही. असे सात दिवस गेले. कोठीत जात नव्हता, रोपांना दोनदा पाणी घालत होता. २८ तारखेला सकाळी मी मशीन पुसायला खोळ काढली तर आत तुझं पत्र ठेवलेलं. तो फाटकाशी पाठ करून उभा होता.

मी पत्र दोनदा वाचलं. मग मांडणीवरची रिळं एकेक करून खाली काढली आणि मागे हात घातला. झरोका आहे. हाताला वारा लागला. वीस वर्षं त्याच्यापुढे बसते आहे.

तुला एक सांगते, त्यालाही सांगितलं. पहिल्या वर्षी मी त्याचे खिसे हुंगायचे. मग सोडून दिलं. विश्वास बसला म्हणून नव्हे, काही सापडेल याची भीती वाटायला लागली म्हणून. त्या खोलीत वास यायचा. मी स्वतःला सांगायचे, जुन्या कपड्यांचा असेल, लोक कुठले कुठले कपडे आणतात. एवढं सांगून मी मशीनसुद्धा द्यायला निघाले होते. तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी मारू नकोस. थोडा ठेव माझ्यासाठी.

काढा मी पहिले चार दिवस प्यायले. नंतर खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. ते झाड छान आलंय, पण त्याचं श्रेय तुझ्या मामाला मिळू नये म्हणून मी बोलले नाही.

मी त्याच्यावर फार ओरडले. तीस वर्षांचं साठलेलं सगळंच बाहेर आलं, ह्यातलं नव्हतं तेही. शेवटी तो म्हणाला, "विटा आणतो." संध्याकाळपर्यंत झरोका बुजवला. रंग अजून लावायचा आहे.

डॉक्टरांकडे दोघं गेलो. त्यानेच तोंडाने सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे जे बघितलं ते मला पुरलं.

शाळेतल्या बाई ३० तारखेला आल्या होत्या. त्यांना चहा दिला आणि मुलीला शिकायला इथेच पाठवा म्हटलं.

तुझं माप पाठव. छाती, खांदा आणि उंची. खिसा किती खोल हवा तेही.

तुझी मामी

२२ ऑगस्ट

चि. मुंगी,

दोन महिने लागले हे पत्र लिहायला. तीन लिहून फाडली, त्यात मी स्वतःची बाजू मांडत होतो.

चार जुड्या मागितल्यास तेव्हाच मला कळलं होतं तू काय शोधतेस. मग का टांगल्या, खोट्या चिठ्ठ्या का नाही लावल्या, असं विचारशील. कोठीतली पकडली जाणार हे ठरलेलंच होतं. पण शिवणाच्या खोलीतली कोरी निघेल अशी मला खात्री होती. दार लावून बसायचो ना. ती कोरी निघाली की मी तुला छाती ठोकून लिहिणार होतो, की बघ, मी माझ्यापुरतं ओढतो, तिला त्याचा त्रास नाही, तिचा खोकला कापडाचाच आहे. म्हणून ती जुडी मी सगळ्यात निगुतीने बांधली होती. तुझं पत्र उघडलं तेव्हा पहिली तीच ओळ शोधली.

तुझ्याशी खोटं बोललो. मामीशी तर रोज बोललो. आठवीत तुला एका चिठ्ठीसाठी लोकांच्या दारात उभं केलं होतं, ते सारखं आठवतं. आता मी कुणाच्या दारात उभा राहू ते कळत नाही, म्हणून हे लिहितोय.

सोडणं अवघड जातंय. दुपारी हात रिकामे राहतात. मामीने बटणं वेगळी करायला दिली आहेत, तिच्याच खोलीत, तिच्यासमोर. मशीन चालू असलं की मला तिचं काहीच ऐकू येत नाही, आणि ती मुद्दाम तेव्हाच बोलते. खोकला कमी झालाय. गेला नाही, पण रात्रीची झोपते.

अॅप्रन पाठवतोय. सोबत एक जुडी आहे. ती तुमच्या प्रयोगासाठी नाही, माझ्यासाठी तपास. चिठ्ठी बांधली आहे, तरी इथे पुन्हा उतरवतो, पुडक्यात सुटली तर असावी म्हणून:

लोकरी, दुसरी ओळ. शिवणाची खोली, मांडणीचा वरचा खिळा, सहा फूट. टांगली ५ जुलै, उतरवली २० ऑगस्ट. झरोका बंद. खिडकी उघडी. मशीन चालू. सिगारेट: एक, ९ जुलै, फाटकाबाहेर, अर्धी.

मामा

४ सप्टेंबर

ती. मामा,

अॅप्रन अंगात बसला. खिसे इतके खोल आहेत की पेन शोधायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो. मामीला सांग, धूरकाकांनाही तसाच एक हवाय, त्यांचं माप सोबत लिहिलं आहे. छपराखालच्या नव्या पानांनी ताटल्या पुन्हा शांत आहेत, आणि बाई पुन्हा भिंतीकडे बोट दाखवायला लागल्या आहेत.

तुझी जुडी तपासली, दोनदा. यंत्राला काहीही सापडलं नाही. ती अर्धी सिगारेट मला फक्त चिठ्ठीवरून कळली.

तुझी,
मुंगी